गृहस्थाचे ब्रह्मचर्य : थोरल्या महाराजांच्या चरित्रातून



दत्तजयंतीचा सप्ताह जवळ आला की आमच्या खराडीत एक प्रश्न हमखास निघतो. चारचौघांत कुणी विचारत नाही. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की कोणीतरी हळूच बाजूला घेते. आयटी पार्कमध्ये नोकरी करणारा, नुकतेच लग्न झालेला मुलगा विचारतो, "काका, ब्रह्मचर्य सात दिवसांचंच ना?" आणि साठी ओलांडलेले एखादे गृहस्थ म्हणतात, "मी आता कायमचंच ठरवलंय. घरी सांगून टाकलं." मुलाला उत्तर देणे सोपे आहे. गृहस्थांचे ते 'सांगून टाकलं' मात्र मला खटकते.

सप्ताहाचे नियम सर्वांना ठाऊक आहेत. हविष्यान्न, भूमिशयन, डाव्या कुशीवर निजणे, कमी बोलणे आणि ब्रह्मचर्य. हे व्रताचे नियम आहेत, संकल्पापासून समाप्तीपर्यंत. त्यानंतर गृहस्थाने आपल्या संसारात परतायचे आहे, त्यात कमीपणा नाही. मनुस्मृतीने तर नियमाने वागणाऱ्या गृहस्थालाही, तो कोणत्याही आश्रमात असो, ब्रह्मचारीच म्हटले आहे.

घोटाळा होतो तो संन्याशाला सांगितलेले आपण आपल्या अंगाला लावून घेतो तेव्हा. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला चोवीस गुरूंची कथा सांगतो. हत्ती हत्तिणीच्या मोहाने खड्ड्यात पडतो, म्हणून स्त्रीपासून दूर राहावे, असा बोध तेथे आहे. पण तो बोध भिक्षूसाठी सांगितलेला आहे. वाचताना आपण नेमका तोच शब्द गाळतो.

प. प. श्री वासुदेवानंद सरस्वती टेंबे स्वामी महाराजांनी हा भेद फार काळजीने पाळला. त्यांनी लिहिलेल्या शिक्षात्रयाची नावेच पाहा : कुमारशिक्षा, युवशिक्षा, वृद्धशिक्षा. वय आणि आश्रम पाहून उपदेश, सर्वांना एकच माप नाही. त्यांच्या शिष्यांतही तेच दिसते. पुण्यातले प. पू. गुळवणी महाराज (1886–1974) चित्रकलेचे शिक्षक होते. ते आजन्म ब्रह्मचारी राहिले. इंदूरचे प. पू. नाना महाराज तराणेकर (1896–1993) संसारी गृहस्थ. गुरू एकच, कृपाही एकच. नाना महाराजांचा संसार त्यांच्या उपासनेच्या आड आला असे म्हणण्याची कुणाची छाती आहे का? आणि त्याही मागे जायचे तर दत्तप्रभूंचा अवतार झाला तो अत्री-अनसूयेच्या घरीच.

स्वतः थोरल्या महाराजांचे चरित्र याहून बोलके आहे. जन्म 1854, माणगावचा. वैराग्य लहानपणापासून अंगी. तरीही विवाह झाला, अन्नपूर्णाबाईंशी. माणगावी दत्तमंदिर उभारले, पुढे श्रींच्या आज्ञेने गाव सोडले, तेही पत्नीला बरोबर घेऊन. 1891 मध्ये गोदातीरी गंगाखेडला अन्नपूर्णाबाईंचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत महाराजांनी संन्यास घेतला, आणि उज्जैनला श्रीनारायणानंद सरस्वतींकडून दंड घेतला. म्हणजे तयारी आधीपासून पूर्ण होती. पण पत्नी हयात असेपर्यंत तिला मागे टाकून ते गेले नाहीत. महाराजांनी यावर वेगळे प्रवचन केले असते, तरी याहून स्पष्ट काय सांगितले असते?

गुरुचरित्रातही बाराव्या अध्यायात हेच आहे. बाल नरहरी संन्यासाला निघाले तेव्हा अंबामाता आडवी आली. आधी ब्रह्मचर्य, मग गृहस्थाश्रम, मग पुढचे, असा क्रम तिने मांडला. साक्षात अवतार, पण आईला झिडकारून गेले नाहीत. तिची समजूत घातली, तिच्या इच्छेप्रमाणे थांबले, तिला जुळे पुत्र झाले, आणि मगच काशीची वाट धरली.

आता आपल्या साठीतल्या गृहस्थांकडे येऊ. बँकेत आमच्याकडे संयुक्त खाते असे, दोघांच्या सह्यांनी चालणारे. एकाच सहीचा चेक आला की आम्ही परत करायचो, सही कितीही सुंदर असो. चाळीस वर्षे जिच्याबरोबर संसार केला तिला एका संध्याकाळी निर्णय ऐकवून आपले अंथरूण दिवाणखान्यात नेणे हा तसाच प्रकार. तिला वाटते, माझे काय चुकले? ती कुणाला विचारूही शकत नाही. आणि बऱ्याचदा तिची स्वतःची तयारी नवऱ्याच्या आधीच झालेली असते, फक्त तिला कुणी विचारलेले नसते.

विचारले तर मार्ग निघतो. काही जोडपी चातुर्मासापुरता नियम घेतात, काही फक्त सप्ताहात, काही कायमचा. संकल्प दोघांनी मिळून, देवासमोर उच्चारावा. अंथरूण वेगळे केले तरी सकाळचा चहा, औषधाच्या गोळ्यांची आठवण, संध्याकाळचा फेरा हे वेगळे करू नये. आणि नियम घेतल्यावर जिभेवरही थोडा ताबा ठेवावा. ब्रह्मचर्याचे व्रत घेऊन सुनेवर खेकसणारे मी पाहिले आहेत.

त्या आयटीतल्या मुलाची बायको मूल व्हावे म्हणून पारायणाला बसणार होती. तिला मी एकोणचाळिसावा अध्याय सावकाश वाचायला सांगितले. साठ वर्षांच्या गंगाबाईला श्रीगुरूंनी अश्वत्थाची सेवा सांगितली आणि तिला संतती झाली, ती कथा त्यात आहे. संन्यासी गुरूने गृहस्थाचा पाळणा हलवला! दोघेही यंदा सप्ताहाला बसताहेत. त्याची रात्रपाळी आहे, म्हणून वाचन पहाटे घरी आल्यावर, स्नान करून.