मुलींची सॉफ्टबॉल स्पर्धा : आयोजन आणि आभाराचा पाठ



शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम आला की शाळेत गडबड सुरू होते. १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट, जन्मतारखेचे पुरावे, प्रवेशिका, मैदानाची शोधाशोध. कबड्डी, खो-खो आपल्या अंगवळणी पडलेले आहेत, त्यामुळे त्यांची स्पर्धा घ्यायला कोणी घाबरत नाही. सॉफ्टबॉल म्हटलं की मात्र अनेक शाळा मागे सरतात. "आम्हाला नियम माहीत नाहीत, माणसं नाहीत," असं सांगतात. खरं तर नियम आठवड्याभरात शिकता येतात. अवघड असतं ते माणसं जमवणं, आणि पुढच्या वर्षी तीच माणसं आनंदाने परत येतील असं वागणं. आजच्या पाठात दोन्ही गोष्टी बघू. ८ संघांची, दोन दिवसांची मुलींची स्पर्धा हे उदाहरण घेऊ.

खेळाची तोंडओळख

सॉफ्टबॉलचा जन्म अमेरिकेत शिकागो शहरात १८८७ साली झाला, तोही थँक्सगिव्हिंग म्हणजे आभार मानण्याच्या सणाच्या दिवशी. फॅरागट बोट क्लबमध्ये काही तरुण एका फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट बघत बसले होते. कोणीतरी बॉक्सिंगचा ग्लोव्ह फेकला आणि दुसऱ्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक यांनी त्यातून बेसबॉलसारखा घरातला खेळ तयार केला. 'सॉफ्टबॉल' हे नाव पुढे १९२६ साली सुचवलं गेलं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांचा सॉफ्टबॉल आला. २००८ मध्ये आणि टोकियोत जपानच्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. आभाराच्या दिवशी जन्मलेला खेळ म्हणून आजच्या विषयाला तो शोभतो!

मुलांना सांगायच्या मुख्य गोष्टी एवढ्याच :

• प्रत्येक संघात मैदानावर ९ खेळाडू आणि सामना ७ इनिंगचा.
• पिचरने चेंडू हात खालून फिरवूनच टाकायचा.
• तीन खेळाडू आउट झाल्या की फलंदाजीची पाळी बदलते.
• होम प्लेटपासून निघून पहिला, दुसरा, तिसरा बेस करत परत होम प्लेटला आलं की एक धाव.

नावात 'सॉफ्ट' असलं तरी चेंडू मऊ नसतो, हे पालकांनाही सांगा. मोठ्या चेंडूचा घेर १२ इंच आणि वजन साधारण १८० ते २०० ग्रॅम. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमच्या आसपास असतो. म्हणून फलंदाज आणि धावणाऱ्या मुलीला हेल्मेट, कॅचरला मास्क, छातीचं संरक्षक आणि पायांचे पॅड. यात तडजोड नको. एका सेटमध्ये भागत नसेल तर दोन शाळांनी मिळून साहित्य वापरावं.

वेळापत्रकाचं गणित

आठ संघ आहेत. सरळ बाद पद्धत ठेवली तर एकूण सामने ७, कारण प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर पडतो. पण त्यात चार संघ एक सामना खेळून घरी जातात. पहाटे उठून, दोन तास एसटीने आलेल्या मुलीला एवढंच मिळालं तर ती पुढच्या वर्षी येईल का? म्हणून दोन गट करावेत. चार संघांच्या एका गटात ६ सामने, दोन गटांत १२, मग दोन उपांत्य आणि एक अंतिम, असे एकूण १५. प्रत्येक संघाला किमान ३ सामने मिळतात.

प्रत्येक सामन्याला ९० मिनिटं धरा. ७५ मिनिटांनंतर नवी इनिंग सुरू करायची नाही, असा नियम आधीच ठरवा. पाच इनिंगनंतर ७ किंवा जास्त धावांची आघाडी असेल तर सामना तिथेच थांबवण्याचा नियमही या खेळात आहे. दोन मैदानं असतील तर वेळापत्रक असं बसतं :

पहिला दिवस : सकाळी ७.३० आणि ९.००, दुपारी ३.०० आणि ४.३०. एकूण ८ सामने.
दुसरा दिवस : सकाळी ७.३० आणि ९.००, म्हणजे गटातले उरलेले ४ सामने. दुपारी ३.०० वाजता दोन्ही उपांत्य सामने, ४.३० ला अंतिम.

यात साडेदहा ते तीन मैदान रिकामं राहतं. उन्हात मुली खेळत नाहीत, जेवतात आणि सावलीत पडतात. हे वेळापत्रक सातवी-आठवीच्या मुलांनाच करायला द्या. जोड्या लावण्याचं गणित इतकं जिवंत होऊन दुसरीकडे मिळणार नाही.

मैदान आखताना पायथागोरस

दोन बेसमधलं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. चारही बेस मिळून चौरस होतो. तो काटकोनात येण्यासाठी नववी-दहावीच्या मुलांना सोबत घ्या. होम प्लेटच्या मागच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत कर्ण २५.८६ मीटर येतो. ३६.५८ मीटर दोरी घेऊन तिची दोन टोकं या दोन ठिकाणी धरायची आणि मधोमध गाठ मारायची. गाठ उजवीकडे ताणली की पहिला बेस, डावीकडे ताणली की तिसरा. मग फक्की मारा. महिलांच्या सामन्यात पिचिंगचं अंतर ४३ फूट, म्हणजे १३.११ मीटर असतं. लहान गटासाठी ते कमी ठेवायचं का, हे पंचांशी बोलून आधी ठरवा आणि सर्व संघांना लेखी कळवा. पहिल्या बेसला पांढरा-केशरी जोडबेस मिळाला तर उत्तम. धावणारी मुलगी केशरी भागावर पाय ठेवते आणि क्षेत्ररक्षक पांढऱ्यावर, त्यामुळे टक्कर होत नाही.

मुलींची स्पर्धा म्हणजे आणखी काय?

आठवी-नववीपर्यंत उत्साहाने खेळणाऱ्या मुली नंतर मैदानावर दिसेनाशा होतात, हे आपण सगळे पाहतो. खेळाची आवड संपते असं नाही. घरातून प्रश्न येतात, "परत किती वाजता येणार? सोबत कोण बाई आहे? तिथे बाथरूम आहे का?" या तीन प्रश्नांना आयोजकांकडे पक्की उत्तरं हवीत.

• स्वच्छतागृह मैदानाजवळ, आतून कडी लागणारं, पाणी असलेलं. दर दोन तासांनी कोणीतरी बघून यायचं.
• कपडे बदलायला वेगळी खोली, आणि दाराशी एक काकू किंवा ताई.
• सॅनिटरी पॅड, कात्रण-कागद आणि झाकणाची कचरापेटी खोलीतच. मागायला लागू नये.
• अंतिम सामना अंधार पडण्याआधी संपला पाहिजे. बक्षीस समारंभ २० मिनिटांचा.
• प्रत्येक संघासोबत एक शिक्षिका किंवा आई. निघताना आणि पोहोचल्यावर निरोप.

ही सगळी कामं मैदानाबाहेरची आहेत. कोणत्याही स्कोअरबोर्डवर ती दिसत नाहीत. पण एखादी मुलगी पुढच्या वर्षी खेळणार की नाही, हे बऱ्याचदा इथेच ठरतं.

स्वयंसेवक किती आणि कोण?

एका मैदानासाठी : गुणलेखक २, गुणफलकावर १, बाहेर गेलेले चेंडू आणायला २, पाण्याला १, प्रत्येक संघाच्या बाकाजवळ एक अशा ताई २. झाले ८. दोन मैदानांना १६. शिवाय प्रथमोपचार २, नोंदणी २, नाश्ता-जेवण ६, कपडे बदलण्याची खोली २, माईक १, मैदान आखणी ३. हे आणखी १६. म्हणजे पंचांना धरलं नाही तरी ३२ माणसं. १६ मुलींचा एक संघ धरला तर १२८ खेळाडूंमागे ३२, म्हणजे चार मुलींमागे एक.

कुठून आणायची एवढी माणसं? पालक-शिक्षक संघातले आई-बाबा, माजी विद्यार्थिनी, आणि शाळेतल्या न खेळणाऱ्या मुली. गुणलेखन तर मुलींनाच द्या. प्रत्येक जागेला क्रमांक असतो : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, आणि मागच्या तिघी डावीकडून ७, ८, ९. वहीत ६-३ लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, शॉर्टस्टॉपने चेंडू अडवून पहिल्या बेसला दिला आणि फलंदाज आउट झाली. गणितात हुशार पण धावायला संकोचणारी मुलगी इथे रमते.

काम वाटताना एक कागद करा. नाव, जागा, वेळ आणि "अडलं तर कोणाला विचारायचं". तीन तासांपेक्षा जास्त वेळ कोणालाही एका जागी बसवू नका. "जरा येऊन बसा, बघू काय लागतं ते" असं सांगून बोलावलेला माणूस दिवसभर ताटकळतो आणि पुन्हा येत नाही.

आणि एक फरक स्पष्ट ठेवा. स्वच्छतागृह साफ करणाऱ्या मावशी, स्वयंपाकी, मांडववाले हे स्वयंसेवक नाहीत. त्यांना ठरलेली मजुरी त्याच दिवशी हातात मिळाली पाहिजे. आभार त्यांचेही मानायचे, पण मजुरीच्या ऐवजी नाही.

आभार : नेहमी काय होतं?

बक्षीस समारंभात आपल्याकडे काय चालतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्यांना शाल-श्रीफळ, मग भाषणं, मग आणखी सत्कार. शेवटी आभारप्रदर्शनाला कोणी उभं राहतं तोवर निम्मं मैदान रिकामं झालेलं असतं. "ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार" या एका वाक्यात ३२ माणसं संपतात. सकाळी सहाला येऊन फक्की मारणारे काका त्या वेळी खुर्च्या उचलत असतात.

त्याहून वाईट म्हणजे खेळून दमलेल्या मुलींनाच पाहुण्यांसाठी चहाचे ट्रे घेऊन उभं करणं. हे कृपा करून टाळा. ज्यांच्यासाठी स्पर्धा आहे त्यांनी बसावं, मोठ्यांनी वाढावं.

चांगल्या आभारात तीन गोष्टी असतात : नाव, नेमकं काम, आणि त्या कामामुळे काय झालं. "पाणी समितीचे आभार" म्हणण्यापेक्षा "दोन दिवस मुलींच्या बाटल्या रिकाम्या राहू दिल्या नाहीत, म्हणून एकीलाही चक्कर आली नाही" असं म्हणा. ऐकणाऱ्याला कळतं की कोणीतरी बघत होतं.

वेळही महत्त्वाची. अंतिम सामन्याआधी, सगळे हजर असताना, दोन्ही संघ रांगेत उभे असतानाच स्वयंसेवकांना मैदानात बोलवा. पाच मिनिटं पुरतात. पहिलं पदक खेळाडूला देण्याआधी टाळ्या त्यांना मिळू देत. आणि प्रत्येक सामन्यानंतर दोन्ही संघांनी एकमेकींशी हात मिळवताना पंच आणि गुणलेखकांशीही मिळवावा. हरलेल्या संघानेही! हा नियम प्रवेशिकेतच लिहून टाका.

वर्गात : आभारपत्राचा पाठ

पत्रलेखन आपण शिकवतोच, पण बहुतेक वेळा काल्पनिक विषयावर. स्पर्धेनंतरच्या सोमवारी खरं पत्र लिहून घ्या. प्रत्येक खेळाडूने एकाच व्यक्तीला लिहायचं, तिने काय केलं ते आठवून. एक नमुना :

"आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.
शनिवारी तीनच्या सामन्याआधी मला पाळी आली. मी खूप घाबरले होते. सरांना कसं सांगायचं ते कळेना. तुम्ही काही विचारलं नाही. पिशवी हातात दिलीत आणि दाराबाहेर उभ्या राहिलात. सामना सुरू झाला तेव्हा मी प्लेटमागे माझ्या जागेवर होते. आम्ही हरलो, पण मी खेळले. घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, पुढच्या वर्षी मीपण येते त्या खोलीपाशी बसायला.
आपली,
१२ नंबरची कॅचर"

पत्र तपासताना शुद्धलेखनाआधी एकच प्रश्न विचारा : हे पत्र दुसऱ्या कोणालाही पाठवता येईल का? येत असेल तर ते परत लिहायला सांगा. वरचं पत्र फक्त त्या काकूंनाच जाऊ शकतं. असं पत्र व्यासपीठावरून वाचायचंही नसतं, पाकिटात घालून हातात द्यायचं. कोणती भावना चारचौघांत सांगायची आणि कोणती खासगीत, हाही भाषेच्या शिक्षणाचा भाग आहे.

करून पाहण्यासारखे उपक्रम

१. सहा संघ आणि एकच मैदान असेल तर वेळापत्रक कसं कराल? गटात करा.
२. शाळेच्या मैदानावर दोरीने चौरस आखा आणि कर्ण मोजून पडताळा घ्या.
३. शाळेत एका दिवसात आपल्यासाठी कोण कोण काम करतं, याची यादी करा. किती जणांची नावं माहीत आहेत?
४. एका स्वयंसेवकाची पाच प्रश्नांची मुलाखत घ्या. "पुढच्या वर्षी काय बदलावं?" हा प्रश्न हवाच.

या चौथ्या उपक्रमातली उत्तरं एका वहीत लिहून ठेवा. पाण्याचे जार किती लागले, कोणती वेळ उशिराची ठरली, कोणती खोली लांब पडली. पुढच्या हंगामात स्पर्धा भरवणाऱ्या शिक्षकाच्या हातात ती वही पडली की त्याचं निम्मं काम झालेलं असेल. ज्यांनी सूचना केली त्यांचं नाव त्या सूचनेपुढे लिहा आणि बदल केल्यावर त्यांना आवर्जून कळवा.

आपल्या शाळेत मुलींचा सॉफ्टबॉल संघ नसेल तर यंदा बारा-पंधरा मुली जमवून सुरुवात तरी करा. हातमोजे कमी असतील, मैदान खडबडीत असेल, चालेल. दाराशी बसणाऱ्या एक काकू मात्र आधी शोधा.