समाईक स्क्रिप्टांचे दप्तर हाती घेताना



तुझे पत्र पावले. कचेरीतील सर्व टीमच्या कंटेनर-इमेज बांधणे, त्यांच्या चाचण्या घेणे आणि त्या रजिस्ट्रीकडे रवाना करणे हे सारे कामकाज ज्या समाईक स्क्रिप्टांवर चालते, त्यांचे दप्तर आता तुझ्या स्वाधीन झाले, हे वाचून जितके समाधान वाटले तितकीच तुझी नाराजी पाहून मौज वाटली. ‘बाकीचे प्रॉडक्ट लिहितात, माझ्या वाट्याला मात्र बॅश आले’ हे तुझे वाक्य मी तुझ्या मामीलाही वाचून दाखविले. परंतु ज्या कामात कसूर झाली असता सगळ्यांचेच हात एकदम थांबतात, आणि जे बिनचूक झाले असता कोणाच्या ध्यानातही येत नाही, त्या कामाला दुय्यम म्हणणाऱ्याने ते बहुधा कधी केलेले नसते.

शिवाय ज्या डॉकरचे तुम्हां मंडळींना एवढे कौतुक, त्याचा पूर्वेतिहास तरी काय सांगतो? प्रक्रियेला स्वतंत्र मूळ-फोल्डर देणारी सोय युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत १९७९ साली आलेली होती. गूगलच्या अभियंत्यांनी २००६ पासून ज्यावर परिश्रम घेतले ती सीग्रुप्सची व्यवस्था २००८ च्या आरंभी लिनक्सच्या कर्नलमध्ये रुजू झाली होती. आणि मार्च २०१३ मध्ये सांता क्लारा येथील पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी एका छोटेखानी भाषणात डॉकर प्रथमच जाहीरपणे दाखविले, तेव्हा त्याखालची यंत्रणा बव्हंशी आधीच सिद्ध होती. नवे होते ते हे, की विखुरलेल्या त्या साऱ्या सोयी सामान्य प्रोग्रामरला एका आज्ञेसरशी वापरता येऊ लागल्या. तुझ्या स्क्रिप्टांचे काम याच जातीचे आहे.

आता एका विसंगतीकडे तुझे लक्ष वेधतो. ‘माझ्या मशीनवर तर चालते’ ही सबब कायमची बंद व्हावी म्हणून कंटेनर आणले. परंतु तो कंटेनर उभा करणारी स्क्रिप्ट स्वतः कंटेनरच्या बाहेर, ज्याच्या त्याच्या लॅपटॉपवर चालते, आणि म्हणून हाकलून दिलेली ती सबब मागच्या दाराने पुन्हा आत येते. मॅकवर परवान्याच्या अटींमुळे आजही बॅशची ३.२ ही जुनी आवृत्तीच मिळते, तिला चौथ्या आवृत्तीतील असोसिएटिव्ह ॲरे ठाऊक नाहीत, ‘सेड’ची फाइल जागच्या जागी बदलण्याची खूण मॅकवर एक अर्थ घेते आणि लिनक्सवर दुसरा, विंडोजवरून आलेल्या फाइलीत ओळीअखेर एक अदृश्य अक्षर चिकटलेले असते आणि त्यापायी स्क्रिप्ट समोर दिसत असूनही ‘अशी फाइलच नाही’ असे उत्तर कंटेनर देतो. यास्तव बाहेरची स्क्रिप्ट जितकी लहान ठेवता येईल तितकी ठेव. तपासणीची आणि बांधणीची सारी हत्यारे एका इमेजमध्ये घालून काम तिच्या आत करवून घे, आणि सीआयवर जी आज्ञा चालते तीच, अक्षरशः तीच, प्रत्येकाला घरी चालविता आली पाहिजे असा दंडक घाल. पाइपलाइनच्या यामल फाइलीत तर्क लिहिण्याची खोड अनेकांना असते. त्याची परिणती अशी होते, की एक चूक शोधण्यासाठी दिवसभर कमिटमागून कमिट ढकलीत बसावे लागते.

अनेक प्रकल्पांत एकच स्क्रिप्ट कशी वाटावी, हा तुझा मुख्य प्रश्न. याचे एक उघड पाहता येण्याजोगे उदाहरण म्हणजे रेड हॅटच्या सॉफ्टवेअर कलेक्शन्स मंडळींचे. पायथन, पोस्टग्रेस, मारियाडीबी अशा त्यांच्या निरनिराळ्या इमेजची निरनिराळी रेपॉझिटरी आहे. परंतु बांधणी आणि चाचणी यांच्या स्क्रिप्टा एका वेगळ्या रेपॉझिटरीत ठेवून ती ‘कॉमन’ या नावाने गिट सबमॉड्यूल म्हणून प्रत्येक ठिकाणी जोडलेली असते, आणि ‘मेक टेस्ट’ म्हटले की सर्वत्र तीच यंत्रणा हलते. सबमॉड्यूलला नावे ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि नवख्या माणसाला तो आरंभी छळतो हेही खरे; तथापि त्यात एक मोठा गुण आहे. प्रत्येक प्रकल्प समाईक स्क्रिप्टांच्या एका नेमक्या कमिटशी बांधलेला असतो, आणि तुझा बदल त्याच्याकडे तो स्वतः मागेल तेव्हाच जातो. काही प्रकल्प वर्षानुवर्षे जुन्याच कमिटवर बसून राहतील, हा त्याचा तोटा. तो पत्करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

ते का, हे कोडकव्ह या कंपनीच्या प्रकरणावरून समजेल, आणि ते प्रकरण तू मुळातून अभ्यासावेस. चाचण्यांनी कोड किती व्यापला याचा अहवाल पाठविणारी त्यांची बॅश स्क्रिप्ट जगभरच्या पाइपलाइन प्रत्येक वेळी थेट नेटवरून ओढून चालवीत असत. त्यांच्या डॉकर इमेज तयार करण्याच्या पद्धतीत राहिलेल्या एका उणिवेमुळे कोणा आगंतुकाला इमेजमधून एक गुप्त किल्ली काढता आली, आणि ३१ जानेवारी २०२१ पासून त्याने त्या स्क्रिप्टमध्ये वेळोवेळी फेरफार केले. घातलेली ओळ जेमतेम एक होती. पाइपलाइनच्या पर्यावरणात जी जी रहस्ये असतील ती ती गोळा करून दुसऱ्याच सर्व्हरकडे पाठविणे, एवढेच तिचे काम. दोन महिने कोणालाही सुगावा लागला नाही. १ एप्रिल रोजी एका ग्राहकाने उतरवून घेतलेल्या फाइलीचा चेकसम जाहीर केलेल्या चेकसमशी ताडून पाहिला, तो जुळेना, आणि तेव्हा कोठे बिंग फुटले. हॅशिकॉर्पसारख्या कंपनीला आपली स्वाक्षरीची किल्ली बदलावी लागली. जे जे सर्वांच्या पाइपलाइनमध्ये चालते त्याच्या हाती सर्वांच्या किल्ल्या असतात, हे तुझ्या दप्तरालाही तंतोतंत लागू आहे. म्हणून बाहेरून येणारी प्रत्येक वस्तू, मग ती मूळ इमेज असो वा उसनी स्क्रिप्ट, टॅगच्या भरवशावर न घेता हॅशने बांधून घे. टॅग आज एका ठिकाणी आणि उद्या दुसऱ्या ठिकाणी नेता येतो, हॅश नेता येत नाही. बिल्डच्या वेळी टोकन डॉकरफाइलच्या आर्गमधून देऊ नकोस. ते इमेजच्या इतिहासात शाबूत राहते.

यानंतर अपयशाविषयी. स्टीम या खेळांच्या दुकानाच्या लिनक्स स्क्रिप्टमध्ये आपले स्थान शोधून एका चलात ठेवणारी एक ओळ होती, आणि पुढे त्या चलाखालील सर्व काही पुसून टाकणारी दुसरी. दुसरीच्या डोक्यावर लेखकाने ‘भयंकर!’ अशा अर्थाचा इंग्रजी शेराही मारून ठेवला होता. जानेवारी २०१५ मध्ये एका वापरकर्त्याने आपले स्टीमचे फोल्डर हलविले, पहिली ओळ फसली, चल रिकामे राहिले, आणि दुसरी ओळ मुळापासून पुशीत सुटली. जोडलेल्या बाह्य डिस्कवरचा बॅकअपही तिने सोडला नाही. भीती वाटली असता शेरा मारून पुढे जाणे हा उपाय नव्हे. तेथे ‘सेट -ई’ असते तर फसलेल्या पहिल्या ओळीवरच स्क्रिप्ट थांबली असती. मात्र चल अस्तित्वात होते, केवळ रिकामे होते, म्हणून ‘सेट -यू’ने काही साधले नसते; त्यासाठी कोलन आणि प्रश्नचिन्हाची खूण लागते, जी रिकाम्या चलालाही अडविते. ‘सेट -ई’वरही सर्वस्वी विसंबू नकोस, कारण एखादे फंक्शन ‘इफ’च्या अटीत बोलाविले की त्याच्या आत ती मुकाट्याने निष्प्रभ होते. शेलचेक हे हत्यार प्रत्येक स्क्रिप्टवर चालवीत जा. तेही सारे पकडीत नाही, पण जे पकडते ते माणसाच्या नजरेतून हमखास सुटणारे असते.

चाचण्या कधी पास, कधी फेल होतात अशी तुझी तक्रार आहे. पोस्टग्रेसची इमेज वापरता, तर हे तपासून पाहा. ती प्रथम उभी राहते तेव्हा डेटाबेसची मांडणी करण्यासाठी आत एक तात्पुरता सर्व्हर चालू करते, जो केवळ युनिक्स सॉकेटवर ऐकतो. ते काम संपले की तो बंद होऊन खरा सर्व्हर सुरू होतो. तुमची आरोग्य-तपासणी होस्टचे नाव न देता ‘पीजी इझ रेडी’ विचारीत असेल, तर तिला त्या तात्पुरत्या सर्व्हरकडून होकार मिळतो, चाचण्या धावत सुटतात आणि नेमक्या त्याच क्षणी सर्व्हर खाली जातो. तपासणीला होस्ट म्हणून १२७.०.०.१ दे, की हा लपंडाव थांबेल. ‘स्लीप ३०’ लिहून वेळ मारून नेणाऱ्यांच्या नादी लागू नकोस. तसेच कंटेनर बंद होण्यास दर वेळी बरोबर दहा सेकंद लागत असतील, तर तुमची एंट्रीपॉइंट स्क्रिप्ट पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया होऊन बसली आहे आणि थांबण्याचा इशारा आतल्या प्रोग्रामपर्यंत पोहोचूच देत नाही, असे समज. दहा सेकंद वाट पाहून डॉकर तिला जबरीने मारतो. शेवटच्या ओळीत प्रोग्रामपूर्वी ‘एक्झेक’ लिहिले की पुरे.

राहिली गोष्ट बदलांची. बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली ‘मेक’ लिहिले, तेव्हा आज्ञेच्या ओळीच्या आरंभी टॅब हवाच असा नियम त्यात पडला. तो गैरसोयीचा आहे हे त्यांना लवकरच उमगले, परंतु तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते आणि त्यांची मोडतोड नको म्हणून त्यांनी तो तसाच राहू दिला. आज पन्नास वर्षांनीही तो टॅब आपल्याला छळतो आहे. शेतातून पडलेली वहिवाट मालकालाही एकाएकी नांगरता येत नाही, तशीच तुझ्या स्क्रिप्टच्या प्रत्येक ऑप्शनची, प्रत्येक एक्झिट कोडची गत होणार आहे. लोक तू लिहिलेल्या कागदावर नव्हे, तर स्क्रिप्ट प्रत्यक्षात जे करते त्यावर विसंबतात. बदल अवश्य कर, पण जुने नाव काही काळ चालू ठेव, ते वापरणाऱ्याला इशारा छापून दे आणि मुदत कळव. एकाच टीमची हौस असलेली गोष्ट समाईक दप्तरात घेऊ नकोस. दुसऱ्या टीमने मागेपर्यंत ती तिच्याच घरी राहू दे.

तूर्त एवढेच कर. तुझ्या ताब्यातील कोणती स्क्रिप्ट कोणकोणते प्रकल्प वापरतात आणि कोणत्या कमिटवर वापरतात, याची यादी काढ. जी कोणीच वापरीत नाही ती काढून टाक. आणि यादी तयार झाली की मला पाठव, मग पुढचे बोलू. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. कळावे.

तुझा,
मामा