शलमोनाने काय मागितले? – बुद्धीसाठी प्रार्थना



परीक्षा जवळ आली की मुलांच्या प्रार्थना वाढतात. पेपर सोपा येऊ दे, वाचलंय तेवढंच विचारू दे! यात गैर काही नाही. पण बायबलमध्ये बुद्धी मागण्याची जी सर्वांत प्रसिद्ध गोष्ट आहे, तिच्यातलं मागणं वेगळं आहे. मूल्यशिक्षणाच्या तासाला ही गोष्ट आपण बहुधा घाईत उरकतो, म्हणून आज ती जरा सावकाश पाहू या.

जुन्या करारातील 'पहिले राजे' या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात ती येते. दावीद राजाचा मुलगा शलमोन नुकताच गादीवर बसला आहे. गिबोन येथे यज्ञ केल्यावर रात्री स्वप्नात देव त्याला म्हणतो, हवं ते माग. शलमोन दीर्घायुष्य मागत नाही, धन मागत नाही, शत्रूंचा नाशही नाही. आधी तो कबूल करतो की मी अजून पोर आहे, कारभार कसा करावा ते मला कळत नाही. मग लोकांचा न्याय करता यावा, बरं-वाईट ओळखता यावं, असं मन मागतो. मूळ हिब्रूत शब्द आहेत 'लेव शोमेआ', म्हणजे ऐकणारं हृदय. आपण 'शहाणपण' म्हणून मोकळे होतो, पण मूळ शब्दांत ऐकणं आहे.

लगेच पुढे दोन स्त्रियांचं भांडण येतं. दोघी एकाच घरात राहतात, दोघींना बाळं झालेली. रात्रीत एक बाळ दगावलं आणि जिवंत बाळ माझंच, असं दोघी म्हणतात. घरात तिसरं कोणी नव्हतं, म्हणजे साक्षीदार नाही. तलवार मागवणारा राजा मुलांच्या लक्षात राहतो. पण त्याआधीचं तेविसावं वचन मुद्दाम वाचून घ्या. तिथे राजा निकाल देत नाही. ही असं म्हणते, ती तसं म्हणते, एवढंच तो दोघींचं म्हणणं पुन्हा बोलून दाखवतो. वर्गात दोन पोरं भांडत आली की आपण इतकं तरी करतो का? पहिल्याचं ऐकून दुसऱ्याला रागवून मोकळे! आणि तलवारीनंतरही राजा पारखतो ते ऐकूनच. बाळ तिला द्या पण मारू नका, असं जिच्या तोंडून निघालं, तीच आई.

नव्या करारात याकोबाच्या पत्रात (अध्याय १, वचन ५) हीच वाट सर्वांसाठी खुली केली आहे. ज्याला बुद्धी कमी पडते त्याने देवाजवळ मागावी. देव सढळ हाताने देतो आणि मागणाऱ्याला दोष लावत नाही. मला या वचनातला हा शेवटचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे मूल शंका विचारत नाही, त्याचं मुख्य कारण 'एवढंही येत नाही?' हे वाक्य. घरी आणि शाळेत विचारण्याबद्दल बोलणी खाणारं मूल देवाकडे तरी मोकळेपणाने कसं मागेल? पुढे तिसऱ्या अध्यायात वरून येणाऱ्या बुद्धीची ओळखही सांगितली आहे. ती शुद्ध असते, शांतताप्रिय, सौम्य, समजून घेणारी आणि दयाळू असते. हुशारीच्या जोरावर दुसऱ्याला गप्प करणं त्या यादीत नाही.

एखादा चौकस विद्यार्थी मात्र विचारतोच, "सर, एवढा शहाणा राजा पुढे बिघडला कसा?" हा प्रश्न टाळू नका. त्याच पुस्तकाचा अकरावा अध्याय काही झाकून ठेवत नाही. सातशे राण्या, तीनशे उपपत्नी, आणि म्हातारपणी दुसऱ्या दैवतांकडे वळलेला शलमोन. तिथे त्याची बुद्धी गेली असं लिहिलेलं नाही, त्याचं हृदय वळलं असं लिहिलं आहे. गिबोनला त्याने ऐकणारं मागितलं होतं, तेच हृदय. मुलांना दोन्ही अध्याय शेजारी ठेवून वाचू द्या आणि शलमोनाचं ऐकणं कधी थांबलं असेल, ते त्यांनाच शोधू द्या.