मृद नमुन्याचे स्थान : बिंदूचे निर्देशांक कसे नोंदवावेत?

मृद परीक्षणाचा अहवाल कितीही काटेकोर असला, तरी नमुन्याचे स्थान चुकल्यास खताची शिफारस भलत्याच शेताला लागू होते. म्हणून स्थाननोंदणीचा क्रम समजून घेणे आवश्यक आहे.

पायथन भाषेतील ‘शेपली’ या भूमितीय लायब्ररीत बिंदू तयार करताना प्रथम क्ष व नंतर य निर्देशांक द्यावा लागतो. येथे क्ष म्हणजे रेखांश आणि य म्हणजे अक्षांश. मोबाइलमध्ये मात्र बहुधा अक्षांश आधी दिसतो. गफलत होते ती येथेच. इंदूर शहराचे स्थूल स्थान पॉइंट(७५.८६, २२.७२) असे लिहावे. क्रम उलटल्यास हाच बिंदू नॉर्वेच्या उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रात पडतो आणि लायब्ररी कोणतीही सूचना देत नाही.

लक्षात ठेवावयाच्या बाबी :

१. अंश-मिनिटांचे दशांशात रूपांतर करावे. २२ अंश ४३ मिनिटे म्हणजे २२.४३ नव्हे, ४३ ला ६० ने भागून २२.७१७ असे उत्तर येते.

२. शेतातील नोंदीत दशांशचिन्हानंतर पाच स्थळे ठेवावीत. दुसऱ्या स्थळातील एका अंकाचा फरक सुमारे १ किलोमीटरचा, तर पाचव्या स्थळातील सुमारे १ मीटरचा असतो.

३. शेपली २.० पासून तयार बिंदूचे निर्देशांक बदलता येत नाहीत. चूक आढळल्यास नवा बिंदू तयार करावा.

४. अंशांतील निर्देशांकांवरून थेट क्षेत्रफळ काढू नये. आधी ते मीटरमध्ये, इंदूरसाठी यूटीएम विभाग ४३ उत्तरमध्ये, रूपांतरित करावेत.

नोंद पाठविण्यापूर्वी बिंदू नकाशावर उघडून तो त्याच शेताच्या बांधाच्या आत पडतो ना, याची शेतकऱ्यासमवेत खात्री करावी.