भंगारातली होडी

कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये होडी घेऊन तुम्ही करता काय, असं पुण्या-मुंबईहून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. त्याला वाटतं, आम्ही ती हुगळीवर नेत असू. सेक्टर फाइव्हच्या काचेच्या इमारती मागे टाकल्या की पाणीच पाणी सुरू होतं, हे तोंडी सांगून पटत नाही. गाडीत घालून दाखवावं लागतं. पूर्व कोलकात्याची ही पाणथळ, साडेबारा हजार हेक्टरांची. १९ ऑगस्ट २००२ रोजी तिचं नाव रामसर यादीत आलं. शहराचं सांडपाणी कालव्यांतून इथल्या भेऱ्यांत, म्हणजे बांध घातलेल्या उथळ मत्स्यतळ्यांत सोडतात आणि त्यावर रोहू, कटला, मृगळ, तिलापिया पोसतात. आमचं सॉल्ट लेकही अशाच पाणथळीवर वसलंय. १९६२ पासून हुगळीचा गाळ पाइपांतून आणून इथं ओतला गेला. मी मूळचा मालवणचा. गरी टाकून बसायची खोड तिकडून आलेली, आणि शेजारी मिळाले ते दादा तर सुट्टीच्या दिवशी छिप-हुइल, म्हणजे गळाची काठी नि रीळ, घेऊन पहाटेच घराबाहेर पडणारे. होडी येणारच होती.

भेरीवरच्या होड्या लाकडी, डांबर फासलेल्या. दर वर्षी त्यांची डागडुजी आलीच. आम्हाला हलकी, दोघांना उचलून टेंपोत घालता येईल अशी हवी होती. हावड्याला भंगाराच्या एका वखारीत तशी सापडली. बारा फूट लांब, चार फूट रुंद, रिव्हेट मारलेली अॅल्युमिनियमची होडी, कुठल्याशा बंद कारखान्याच्या तळ्यातून लिलावात आलेली. हल्ली तशीच होडी शोधणारे लोक मला विचारत येतात, म्हणून हे लिहितोय. पाण्याने आमच्या होडीचं फार थोडं बिघडवलं होतं. तिची वाट लावली होती ती आधीच्या मालकांनी हौसेने केलेल्या दुरुस्त्यांनी.

सौद्यापासून सुरुवात करू. भंगारवाला होडी किलोवर विकतो. होडीच्या बाकड्यांखाली, बुडाली तरी तरंगत राहावी म्हणून फोम भरलेला असतो आणि तो जुना झाला की पाणी पितो. वरून कोरडा वाटतो, आत ओलाचिंब असतो. म्हणजे अॅल्युमिनियमच्या भावाने तुम्ही पाणी विकत घेता! बाकड्याच्या पत्र्यात आधीचं एखादं भोक असेल तर त्यातून जुनी सायकलची तार खुपसून बघा. तार ओली आली तर फोमचं वजन आधी वजा करायला लावा. भंगारवाला हसेल, पण ऐकेल. त्याला ते तुमच्या आधीपासून ठाऊक असतं. हा फोम एरवीही काढायचाच असतो. ओला फोम होडीला आतून कायम दमट ठेवतो आणि तरंगवण्याच्या कामाचा उरत नाही.

घरी आणून पहिलं काम केलं ते तळावरचं हिरवं कार्पेट फाडायचं. त्याखाली प्लायवूड, प्लायखाली पत्रा, आणि पत्र्यावर पिठासारखी पांढरी भुकटी. भुकटी झटकली तर खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, जागोजाग, काही आरपार. पाण्यात उघडी असलेली बाहेरची बाजू मात्र जवळजवळ धड होती. कारण साधं आहे. अॅल्युमिनियमला हवा लागली की त्यावर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप चढतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. ओलं कार्पेट, ओलं लाकूड चिकटून बसलं की हवा पोचत नाही, थर तुटला तर पुन्हा धरत नाही. त्यात प्लाय चांगल्यापैकी, मरीन. दुकानदार अभिमानाने मरीन प्लाय देतो, पण त्यात बुरशी-वाळवी रोखायला बऱ्याचदा तांब्याचे क्षार जिरवलेले असतात. लाकडाला ते औषध आणि अॅल्युमिनियमला विष.

तांब्याचं हे एवढं का, ते समजून घेतलं की पुढचं निम्मं काम सोपं होतं. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात विजेचा बारीकसा प्रवाह सुरू होतो आणि त्यातला एक झिजतो. तांबं, पितळ, शिसं, लोखंड, स्टेनलेस स्टील, यांपैकी कुणाच्याही शेजारी बसवलं तरी झिजायचं ते अॅल्युमिनियमनेच. आमच्या होडीत पितळी स्क्रू होते, लोखंडी बोल्ट होते, आणि मागच्या कोपऱ्यात गाळात बसलेली शिशाची दोन वजनं, गळाची. ती उचलली तर खाली त्यांच्याच आकाराचे चट्टे. सुटं नाणंसुद्धा तळाला पडून राहू देऊ नका. स्टेनलेसचे बोल्ट टाळता येत नाहीत, तर त्यांच्याखाली नायलॉनचे वॉशर आणि भोकात सीलंट घाला, म्हणजे धातू धातूला टेकणार नाही. लाकूड ठेवायचंच असेल, मोटर टांगायच्या मागच्या फळीला ते लागतंच, तर तांब्याचं औषध न पाजलेलं घ्या आणि लाकूड व पत्रा यांच्यामध्ये बिटुमेनचा रंग द्या. भेरीवरच्या सुताराने आम्हाला सगळी होडीच डांबराने माखायचा आग्रह केला होता. त्याच्या होडीला ते बरोबर आहे. आमच्या होडीत गळती आणि खड्डे त्याखाली दडले असते.

साफ करताना कुणीतरी कॉस्टिक सोडा सुचवतोच. "दादा, पाच मिनिटांत चकाचक!" खरंच चकाचक होतं, कारण वरचा पत्राच विरघळतो, फसफसून हायड्रोजन सुटतो. रंग काढायचं क्षारी रसायनही तेच करतं. साध्या तारेच्या ब्रशने घासलं तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि महिन्याभरात तिथं तांबेरा धरतो. स्टेनलेसचा ब्रश घ्यावा, नवा, याआधी लोखंडावर न वापरलेला. ग्राइंडरची चकतीही तशीच, नवी.

गळती शोधायची तर होडी पाण्यात घालू नका, होडीत पाणी घाला. आम्ही ती जुन्या टायरांवर, मधे लाकडी ओंडके देऊन, बाहेरून सगळीकडे नजर पोचेल अशी ठेवली. टायर एकमेकांच्या जवळ ठेवायला हवेत, कारण वीतभर पाणी म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास वजन होतं. दोनच टोकांवर टेकवलेली होडी त्या भाराने मधे वाकते आणि धड रिव्हेटही सैल होतात. बाहेर जिथं थेंब दिसेल तिथं खडूने खूण करा. शिसपेन्सिलने नको, तिच्यातलं ग्राफाइट अॅल्युमिनियमला तांब्याइतकंच वाईट, म्हणून विमानाच्या पत्र्यावर काम करणारे पेन्सिल जवळ येऊ देत नाहीत. आमच्या ब्लॉकमधल्या बायकांनी इतकं पाणी फुकट घालवल्याबद्दल दोन शब्द सुनावले, ते ऐकून घेतले.

सैल रिव्हेट बहुतेक वेळा बदलावा लागत नाही. एकाने बाहेरून त्याच्या डोक्यावर जड लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून शेपटीवर गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे. आवाज बदलतो. आधी भद्द, मग टण्ण. टण्ण आला की थांबायचं. त्यापुढचा ठोका पत्रा ताणतो आणि शेजारचा रिव्हेट सैल करतो. आधीच्या मालकाने गळके रिव्हेट काढून बाजारी पॉप रिव्हेट मारले होते, जे फर्निचरला, पाट्यांना मारतात. त्यांच्या मधोमध आरपार भोक असतं आणि आत अडकून राहिलेला खिळा लोखंडी. म्हणजे गळती बंद करायला त्याने गळकी वस्तू बसवली होती! बदलायचाच झाला तर भरीव अॅल्युमिनियमचा किंवा बंद तोंडाचा रिव्हेट घ्या. सीलंट पॉलियुरेथेनचं. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल धातूला खातं.

आणि वेल्डिंग? हावड्यात बेलिलियस रोडच्या बाजूला आर्गॉनवर काम करणारे एकापेक्षा एक हात आहेत, तरीही पातळ रिव्हेटी होडीला मी वेल्डिंग सांगणार नाही. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि लोखंडासारखं आधी लाल होत नाही. वरचा ऑक्साइड मात्र २००० अंशांच्याही वर टिकतो. त्यामुळे कारागीर ऑक्साइड फोडायला उष्णता देतो तोवर खालचा पत्रा गळून पडलेला असतो. शिवाय उष्णतेने आजूबाजूचा पत्रा मऊ होतो, रिव्हेटांची रांग ढिली पडते. बाकड्याखाली फोम राहिला असेल तर त्याचा विषारी धूर होतो. खड्ड्यांना आम्ही बाहेरून पत्र्याचं ठिगळ लावलं, मधे सीलंट, कडेने रिव्हेट. दिसायला वाईट आहे. असू दे.

रंगाबद्दल थोडक्यात. घासून, पुसून, त्याच तासाभरात एच प्रायमर. उशीर केला तर ऑक्साइड पुन्हा जाड होतो आणि रंग पापुद्र्यांनी निघतो. गेटला मारतात तो रेड ऑक्साइड इथं धरत नाही. समुद्रातल्या बोटींच्या बुडाला शेवाळ धरू नये म्हणून देतात तो तांबं असलेला रंग तर हातात घेऊ नका. गोड्या पाण्यात बूड उघडं राहिलं तरी चालतं. आमचं उघडंच आहे.

आता खरी हौस. मासेमारीसाठी होडी बदलायची म्हणजे लोकांना आधी उंच डेक हवा असतो, उभं राहून गळ फेकायला. आमच्या होडीतही आधीच्याने लोखंडी अँगलवर प्लाय ठोकून पुढच्या बाजूला कठड्याच्या उंचीचा डेक केला होता. मी म्हणत होतो काढू, दादा म्हणत होते राहू दे. शेवटी एक अट घातली: भेरीच्या काठाशी, कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून आधी बघू. दादा डेकवर चढले, ऐटीत उभे राहिले, छिप मागे नेली आणि झटका मारला. होडीने झटक्याच्या उलट दिशेला एकदाच मान टाकली. दादा पाण्यात, होडी पार आडवी होऊन पुन्हा सरळ, आणि काठावरचे भेरीवाले पोट धरून हसताहेत. हसणं थांबलं ते दादांचे पाय गाळात गुडघ्यापर्यंत रुतलेत हे दिसल्यावर. भेऱ्यांची खोली अर्धा ते दीड मीटर, म्हणून लोक गाफील राहतात. खालचा गाळ मोजत नाही कुणी. बांबू आडवा टाकून त्यांना ओढून काढलं. चष्मा तिथंच राहिला.

अमेरिकेत लहान होड्यांसाठी एक ठोकताळा आहे: लांबी गुणिले रुंदी, फुटांत, भागिले पंधरा, इतकी माणसं. आमच्या होडीला तीन येतात. पण तीन माणसं बसलेली, खाली. मोटर, बॅटरी, बर्फाची पेटी त्यात आली की माणूस कमी करा, आणि जे उंचावर ठेवाल ते दुप्पट धरा. हा दुपटीचा हिशोब माझा, शास्त्राचा नाही. आता आमच्याकडे तळापासून चार बोटांवर अॅल्युमिनियमचाच फ्लोअर आहे, काढता येणारा, म्हणजे खालचं पाणी पुसता येतं. बुटक्या खुर्च्या, पीव्हीसी पाइपचे छिप-स्टँड. बाकड्यांखाली पाणी न पिणारा बंद पेशींचा फोम, आणि थोडा दोन्ही कडांना वरच्या बाजूने. सगळा तळाशी भरला तर पाणी भरलेली होडी उलटी होऊन तरंगते. असा घनफूटभर फोम साधारण २७ किलो पेलतो. त्यावरून मोटर-बॅटरीचा हिशोब करा. थर्माकोल नको, त्यावर पेट्रोल सांडलं की तो विरघळतो.

इंजिन आम्ही लावलंच नाही. सांडपाण्यावर जगणाऱ्या माशांच्या तळ्यात पेट्रोलचा तवंग कुणी खपवून घेणार नाही. बारा व्होल्टची विजेची मोटर पुरते. बॅटरी मधोमध, फ्यूज तिच्या लगत, आणि उणे टोकाला स्वतंत्र वायर. गाडीच्या इलेक्ट्रिशियनला बॉडी अर्थ करायची सवय असते; इथं बॉडी म्हणजे होडीचा पत्रा, आणि त्यातून प्रवाह सोडला तर एका मोसमात चाळण. त्याच्या डोक्यावर उभं राहून वायरिंग करून घ्या.

एवढं सगळं नीट केलं तरी भेरीचं पाणी वेगळं. ऊन चढलं की त्यातलं हिरवं शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि दुपारी पाणी चांगलंच क्षारी होतं. सांडपाणी शुद्ध होण्यात त्याचाही वाटा आहे, पण अॅल्युमिनियमचा ऑक्साइड अशा पाण्यात टिकत नाही. भेरी उपसून चुना टाकतात तेव्हा तर होडी तिथून लांब न्यावी. जिवंत मासळी नेतात त्या अॅल्युमिनियमच्या हंड्या पाहिल्या का? हाताने पाणी थापटत बसलेला माणूस आणि त्याच्या गुडघ्यांमध्ये पोचे पडलेली, आतून काळवंडलेली हंडी. रोज धुऊन पालथी घालतात म्हणून ती टिकते. होडीलाही तेच: काम झालं की बाहेर काढून, गोड्या पाण्याने धुऊन, ओंडक्यांवर पालथी.

काळबैशाखीच्या, म्हणजे उन्हाळी वादळांच्या, दिवसांत वायव्येला ढग दिसले की बांधाकडे वळायचं. उघड्या पाण्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, हातात कार्बनची छिप. भेऱ्यांवरून जाणाऱ्या विजेच्या तारांखालीही छिप उभी धरू नका.

राहिली परवानगी. भेरी कुणाच्या तरी पोटाचं शेत आहे, तिथं गळ घेऊन घुसता येत नाही. आम्ही व्यवस्थापकाशी बोलून ठरवलं: होडी बांधावर राहील, खाद्य टाकायला त्यांनी वापरावी, रविवारी सकाळी आमची. मासा वजन करून पैसे द्यायचे. परवा तिथला पोरगा माझ्या बायकोला म्हणाला, "काकू, पुढच्या टोकाला पितळी कडी बसवून देऊ का, दोर बांधायला? झक्कास दिसेल." हिने त्याला नायलॉनचा दोर दिला आणि पुढच्या भोकात रबरी नळीचा तुकडा घालून त्यातून तो ओवून घेतला.