ग्राइंडरचा वेग : मोटर व नियंत्रक यांची निवड

चाकू-कात्र्यांना धार लावून देणारा फिरता कारागीर भारतात बहुतेकांनी पाहिलेला असतो. खांद्यावरचे यंत्र तो रस्त्याच्या कडेला मांडतो, पायाने चाक फिरवतो आणि त्यावर पाते टेकवतो. त्याचा पाय एकाच गतीने चालत नाही. कोयता बोथट असला की तो जोर करतो. कात्रीची अखेरची धार काढताना पाय आपोआप मंदावतो. विजेच्या मोटरीने कारागिराचे श्रम वाचवले, परंतु वेगावरचा हा ताबा मात्र काढून घेतला. बदलत्या वेगाची मोटर घेणे म्हणजे तो ताबा परत मिळवणे होय. तो मिळवताना निवड चुकली, तर हत्यार बिघडते, मोटर जळते आणि प्रसंगी चाक फुटून प्राणावर बेतते.

वेग कशाचा मोजावयाचा?

मोटरीच्या पट्टीवर दर मिनिटाच्या फेऱ्यांचा आकडा असतो. पण धातू घासला जातो तो चाकाच्या कडेशी. म्हणून खरा महत्त्वाचा तो परिघीय वेग. चाकाचा मीटरमधील व्यास ३.१४ ने आणि दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावा व ६० ने भागावा, म्हणजे हा वेग दर सेकंदास इतके मीटर असा मिळतो. २०० मिलिमीटर व्यासाचे चाक मिनिटाला २,८५० फेरे घेत असेल, तर कडेचा वेग सुमारे ३० मीटर होतो. १,४४० फेऱ्यांना तो १५ मीटर असतो. तेच चाक झिजून १५० मिलिमीटरचे झाले, की २,८५० फेऱ्यांनाही वेग जेमतेम २२ मीटर उरतो.

वेगाबरोबर उष्णता वाढते. सुताराची पटाशी किंवा रंध्याचे पाते साध्या कार्बन पोलादाचे असेल, तर सुमारे २२० अंश सेल्सियसला त्यावर पिवळसर झाक येते आणि ३०० अंशांच्या आसपास ते निळे पडते. निळी झालेली धार म्हणजे पाणी उतरलेली धार; ती पुन्हा पुन्हा बोथट होणारच. लेथवरील हायस्पीड पोलादाचे हत्यार मात्र ६०० अंशांच्या जवळपासही आपला कठीणपणा टिकवते. एकाच दुकानात दोन्ही कामे होत असतील, तर वेग बदलण्याची सोय ही चैन नव्हे, गरज आहे.

पंख्याचा रेग्युलेटर का चालत नाही?

नेहमीच्या ग्राइंडरला छताच्या पंख्याचा रेग्युलेटर जोडून पाहण्याचा मोह अनेकांना होतो. ग्राइंडरमध्ये सामान्यतः इंडक्शन मोटर असते आणि तिचा वेग विजेच्या वारंवारतेशी बांधलेला असतो. आपल्याकडे ही वारंवारता ५० हर्ट्झ असल्यामुळे दोन ध्रुवांची मोटर ३,००० आणि चार ध्रुवांची १,५०० फेऱ्यांपेक्षा किंचित कमी वेगाने फिरते. रेग्युलेटर फक्त विद्युत् दाब कमी करतो. दाब निम्मा केला, तर मोटरीचा पीळ चौथ्या हिश्शावर येतो. पंख्याचे भागते, कारण वेग कमी होताच हवेचा विरोधही झपाट्याने घटतो. चाकावर दाबलेले पोलाद अशी सवलत देत नाही. मोटर रखडते, प्रवाह वाढतो व गुंडाळी तापते. ज्या मोटरीत सुरुवातीच्या गुंडाळीसाठी केंद्रोत्सारी स्विच असतो, तेथे वेग फार उतरताच तो स्विच पुन्हा जोडला जातो आणि ती गुंडाळी जळू शकते.

योग्य जोडी

म्हणून तीन फेजची इंडक्शन मोटर आणि वारंवारता बदलणारा नियंत्रक ही जोडी घ्यावी. बाजारात या नियंत्रकास व्हीएफडी म्हणतात. तो आलेल्या विजेचे एकदिश प्रवाहात रूपांतर करतो आणि तिच्यापासून हव्या त्या वारंवारतेची तीन फेजची वीज घडवतो. वारंवारतेबरोबर दाबही त्याच प्रमाणात बदलत असल्याने पीळ टिकून राहतो.

घरगुती एकफेज जोडणीवर चालणारे लहान नियंत्रक मिळतात. पण त्यांच्याकडून साधारणतः २३० व्होल्टच बाहेर पडतात. आपल्याकडील लहान मोटर बहुधा ४१५ व्होल्टसाठी 'स्टार' पद्धतीने जोडलेली असते. तिच्या पेटीत गुंडाळ्यांची सहाही टोके आलेली असतील, तर 'डेल्टा' जोडणी करून ती २४० व्होल्टवर चालवता येते. तीनच टोके असतील, तर ती मोटर या कामासाठी घेऊ नये.

पीळ टिकला तरी शक्ती टिकत नाही. एक अश्वशक्तीची दोन ध्रुवी मोटर २५ हर्ट्झवर चालवली, तर तिच्याकडून सुमारे अर्धीच अश्वशक्ती मिळते. ज्याचे बहुतेक काम संथ आहे, त्याने चार ध्रुवांची मोटर निवडावी. ज्याला दोन्ही वेग हवेत, त्याने दोन ध्रुवांची, पण एक माप मोठी घ्यावी. शिवाय थंडाव्याचा पंखा मोटरीच्याच दांड्यावर असल्याने संथ गतीत वारा कमी मिळतो, हे ध्यानात ठेवावे. मोटर पूर्ण बंदिस्त असावी. नियंत्रकही धूळबंद पेटीत व ठिणग्यांपासून दूर असावा, कारण धातूची धूळ वीजवाहक असते. मोटर व नियंत्रक दोहोंना अर्थिंग हवेच.

वरची मर्यादा

नियंत्रकाचा खरा धोका वेग वाढवण्यात आहे. झिजलेले १५० मिलिमीटरचे चाक कोणी ३,८०० फेऱ्यांवर नेले, तर ते पूर्वीसारखे कापू लागेल. पण दुसऱ्या दिवशी त्याच जागी २०० मिलिमीटरचे नवे चाक बसवले आणि बटण तसेच राहिले, तर कडेचा वेग जवळजवळ ४० मीटर होईल. चाकातील ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे येथे तो सुमारे पावणेदोनपट होईल. यास्तव चाकावर छापलेल्या कमाल फेऱ्या ते झिजल्यावरही ओलांडू नयेत, आणि नियंत्रकातील कमाल वारंवारता त्यानुसार कायमची बांधून टाकावी. उलट फिरवण्याची सोय बंद ठेवावी, कारण चाकाच्या नटांचे आटे नेहमीच्या दिशेने घट्ट होतील असेच पाडलेले असतात. त्याच कारणास्तव चाक झटक्याने न थांबवता सावकाश थांबू द्यावे. नियंत्रक उघडण्यापूर्वी वीज तोडून, उत्पादकाने सांगितली असतील तितकी मिनिटे थांबावे. आतील कपॅसिटरमध्ये विद्युत् भार काही काळ शिल्लक असतो.

सारांश, आधी काम पाहावे, मग चाक, त्यानंतर मोटर आणि सर्वांत शेवटी नियंत्रक. खरेदी बहुधा याच्या उलट क्रमाने होते, आणि बहुतेक चुकांचे मूळ तेथेच असते.