मध्यम धक्का हलका नसतो

पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठावरच्या गावांत मी आयुष्यभर शिक्षिकेची नोकरी केली. आमच्याकडे लहान मूलही भूकंप ओळखतं. आधी जमिनीतून गुरगुर येते, मग मांडणीवरची भांडी वाजतात, कौलं खडखडतात आणि काही क्षणांत सगळं थांबतं. ‘झाला बघा’ म्हणत बाया पुन्हा भाकरी थापायला लागतात. या सवयीची मला काळजी वाटते. तितकीच काळजी वाटते ती धक्का जरा मोठा झाला की ‘धरण फुटलं’ म्हणून उठणाऱ्या पळापळीची. दोन्हींत माणसं जायबंदी झालेली मी पाहिली आहेत.

१९९३-९४ चा हिवाळा आमच्या खोऱ्यात कुणी विसरलेलं नाही. ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला होता. त्या बातम्या ताज्या असतानाच आमच्याकडे पाच रिश्टरच्या वरचे धक्के बसले, आणि मधले लहान धक्के तर चालूच होते. अशाच एका धक्क्याच्या वेळी शाळा भरलेली होती. मुलांना आम्ही मैदानात आणून बसवलं, कुणाला खरचटलंही नाही. पण वाडीत शेजारच्या आजी घाबरून पडवीतून बाहेर धावल्या आणि नेमके भिंतीच्या माथ्यावरचे दगड त्यांच्या खांद्यावर आले. लोक त्यांना उचलत असतानाच एक जण मोटरसायकलवरून ओरडत गेला, ‘धरण फुटलं, पळा!’ घराघरांतून माणसं निघाली. ट्रॅक्टर, जीप, मिळेल त्या वाहनात बसली आणि पाटणकडे सुटली. वळणावर एक ट्रॉली कलंडली, एका तरण्या पोराचा पाय मोडला.

कोयना धरणाला काहीही झालं नव्हतं. नदीचं पाणी बोटभरही वाढलं नव्हतं. त्या दिवशीची एक इजा भिंतीनं केली आणि दुसरी अफवेनं. शिवाय पळणारे सगळे नदीकाठच्या रस्त्यानं, म्हणजे पाण्याच्याच वाटेनं पळत होते. धरण खरोखर फुटलं असतं, तर पाण्यानं त्यांना त्याच रस्त्यावर गाठलं असतं.

लोकांच्या भीतीला मी खोटं म्हणत नाही. तिला कारण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरच्या भूकंपानं कोयनानगर जमीनदोस्त झालं. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, हजारो जखमी झाली. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या उंच भागांत, जिथे भिंतीचा उतार बदलतो त्या पट्ट्यात, भेगा पडल्या. धरण उभं राहिलं, पाणी अडूनच राहिलं. नंतर उंच भागांना मागच्या बाजूनं काँक्रीटचे भक्कम आधार देऊन धरण मजबूत करण्यात आलं. दख्खनचं पठार भूकंपापासून सुरक्षित आहे, हा समज मात्र त्या पहाटे कायमचा मोडला. त्यानंतर देशाचा भूकंप-नकाशा बदलला आणि कोयनेचा परिसर क्षेत्र चारमध्ये आला.

कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठायला लागलं त्यानंतरच इथली जमीन हलायला लागली, असं शास्त्रज्ञ सांगतात. पाण्याचं वजन खडकावर पडतं, पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथला दाब वाढतो आणि आधीच ताणात असलेला खडक सरकतो. १९८५ नंतर शेजारच्या वारणा धरणात पाणी भरलं आणि धक्क्यांचा पट्टा दक्षिणेकडे पसरला. हे सगळे धक्के साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या टापूत आणि फार खोल नसलेल्या खडकात होतात. खोली कमी, म्हणूनच पाचचा धक्काही माथ्यावरच्या गावाला जोरात जाणवतो. पावसाळ्यात तलाव भरल्यानंतर सप्टेंबर ते डिसेंबर आणि पाणी उतरताना फेब्रुवारी-मार्च या काळात धक्के वाढल्याचं अनेक वर्षांत दिसलं आहे. यातून भूकंपाची तारीख कुणी सांगू शकत नाही, पण घराची डागडुजी कधी संपवायची हे आपल्याला नक्की कळतं.

रिश्टरचा आकडाही समजून घ्यावा. एका आकड्याच्या फरकानं ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते. पाचच्या धक्क्यापेक्षा १९६७ चा भूकंप ऊर्जेनं जवळपास नव्वद पट मोठा होता. ‘आमच्या घरानं पाचचा धक्का सोसला, आता काय होणार’ असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात ठेवावा. उलट, मध्यम धक्क्यानं भिंतीत पडलेली केसाएवढी भेग पुढच्या धक्क्यात दार बनते.

म्हणून पहिलं काम घराचं. कोयनेचा भूकंप ६.३ चा आणि किल्लारीचा ६.२ च्या आसपासचा, दोन्ही पहाटेचे. तरी किल्लारीत दहा हजारांच्या जवळपास माणसं गेली. दाट वस्ती, दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं वजनदार छप्पर, यांनी तो फरक केला. आपलं घर दगडमातीचं असेल तर भिंतीच्या आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड आहेत का, हे गवंड्याला विचारा. जोत्याच्या, दारा-खिडक्यांच्या माथ्याच्या आणि छपराच्या पातळीवर सलग काँक्रीटचा पट्टा आणि कोपऱ्यांत उभी सळई, एवढ्यानं घर एकत्र हलतं, सुटं होत नाही. छपराखालची त्रिकोणी भिंत दगडाची असेल तर ती उतरवून तिथे पत्रा किंवा फळ्या लावा, कारण सगळ्यात आधी तीच कोसळते. लोखंडी कपाट भिंतीला जखडा. झोपण्याच्या जागेवर फळी, ट्रंक, पाण्याची टाकी असं काही नको.

धक्का चालू असताना काय करायचं, हे मी मुलांना अनेक वर्षं शिकवलं. दार हाताच्या अंतरावर असेल आणि बाहेर मोकळं अंगण असेल तर निघा. नाही तर बाहेरच्या भिंतीपासून दूर, भक्कम टेबलाखाली किंवा पलंगाखाली शिरा आणि डोकं झाका. आमच्याकडचे धक्के काही सेकंदांचेच असतात. तेवढ्यात धावणारा माणूस बरोबर कौलं आणि दगड पडतात तिथेच पोचतो. धक्का थांबल्यावर गॅस बंद करा, मेन स्विच पाडा, म्हातारीकोतारी आणि लेकरं घेऊन मोकळ्या जागेत या. तडे पाहिल्याशिवाय पुन्हा आत जाऊ नका, कारण मागून आणखी धक्के येतात.

आता धरणाचं. काँक्रीटचं मोठं धरण पाचच्या धक्क्यानं फुटतं, हा समज आपण सोडायला हवा. मोठ्या धक्क्यानंतर अभियंते धरणाच्या पोटातल्या गॅलरीत उतरून गळती मोजतात, उपकरणं तपासतात. नदीला पाणी वाढलं तरी लगेच घाबरू नका. पायथा वीजगृहातून किंवा सहा वक्र दरवाजांतून पाणी सोडलं असेल, आणि त्याची सूचना भोंग्यानं व प्रशासनाकडून दिली जाते. बातमी खरी की खोटी हे मोबाइलवरच्या संदेशावरून ठरवू नका. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर फोन करा. भूकंप किती रिश्टरचा आणि कुठे झाला, हे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र काही वेळात जाहीर करतं. तोवर कुणाचाही संदेश पुढे ढकलू नका.

मोठ्या धरणापेक्षा मला गावाजवळच्या मातीच्या तलावांची जास्त काळजी वाटते. तिथे उपकरणं नसतात, रोज पाहणारं कुणी नसतं. धक्क्यानंतर दुसऱ्याच दिवशी गावातल्या दोन-तीन जाणत्या माणसांनी बंधाऱ्यावरून चालून यावं. माथ्यावर लांब भेग पडली आहे का, भराव कुठे खचला आहे का, पायथ्याशी नवी गळती सुरू झाली आहे का, हे पाहावं. गळती स्वच्छ असेल तर नोंद ठेवा आणि लगेच कळवा. गढूळ असेल तर खालची वस्ती त्याच क्षणी हलवा, कारण गढूळ पाणी म्हणजे भरावातली माती वाहून चालली आहे. सह्याद्रीच्या पलीकडे चिपळूण तालुक्यात तिवरे इथलं मातीचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं. कारण भूकंप नव्हतं, पण गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधी केल्या होत्या. तक्रार लेखी द्या, पोच घ्या आणि उत्तर मिळेपर्यंत पाठपुरावा करा.

कधी खरोखर पळायची वेळ आली तर नदीच्या बाजूनं नको, नदीला आडवं जाऊन उंच जागी चढा. मात्र चढण्याची जागा आधीच ठरवलेली हवी. जुलै २०२१ च्या पावसात मिरगाव, आंबेघर इथे दरडींनी घरं गिळली, हे आपल्या तालुक्यानं पाहिलं आहे. जमिनीत भेगा पडल्या आहेत, झाडं कललेली आहेत, नवे झरे फुटले आहेत, असा डोंगर आसऱ्याचा नाही. भूकंपानं सैल झालेला उतार पुढच्या पावसात खाली येऊ शकतो.

कऱ्हाडच्या आणि सांगलीच्या लोकांनाही हे सांगणं आहे. कोयना प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीला जातं. धरणापासून दूर असल्यामुळे त्यांच्या हाती आमच्यापेक्षा जास्त वेळ असेल, पण वेळेचा उपयोग तयारी असलेल्यालाच होतो.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानं मोठ्या धरणांसाठी आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला आहे. पाणी कुठवर येईल, सूचना कोण देणार, लोकांना कुठे हलवायचं, हे त्यात असायला हवं. तो कागद कपाटात राहिला तर आपल्या उपयोगाचा नाही. म्हणून येत्या ग्रामसभेत उभं राहून तीन प्रश्न विचारा: आपल्या गावात पुराची रेषा कुठपर्यंत आहे? भोंगा वाजला तर कुठल्या वाटेनं कुठे जमायचं? आणि याचा सराव कधी घेणार? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्या. धरणाच्या भीतीनं आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. ज्या गावाला या तीन प्रश्नांची उत्तरं पाठ असतील, ते गाव पुढच्या धक्क्याला तयार असेल.